हिरव्याचा माज

श्रावण सरत आला आणि पावसानं जरा उघडीप दिली, की गारखेड्यातल्या आमच्या गल्लीत एक वास सुटतो. उग्र, नाकाच्या शेंड्याला टोचणारा, न धुतलेल्या मुतारीची आठवण करून देणारा. शेजारच्या बंगल्यातले निवृत्त इंजिनिअर त्या दिवसांत सकाळी अर्ध्या चड्डीवर बाहेर येतात आणि रुमालाएवढ्या लॉनवर पांढरे दाणे उधळतात, लग्नात अक्षता टाकाव्यात तसे. मी एकदा कुंपणावरून विचारलं, काय टाकता म्हणून. टॉनिक आहे, म्हणाले. थोड्याच दिवसांत ते गवत असं काही काळपट हिरवं होतं की येणारे-जाणारे थांबून बघतात, आणि हे गृहस्थ, जणू ते त्यांच्याच अंगातून उगवलंय अशा थाटात, पोटावरून हात फिरवत उभे राहतात. हेच गृहस्थ हिवाळ्यात कडुलिंबाचा गळलेला पाला झाडून गोळा करतात आणि पेटवून देतात. त्या पाल्यात काय होतं आणि धुराबरोबर काय गेलं, हे सांगायला मी जात नाही. ज्याला फक्त रंग कळतो त्याच्याशी मातीबद्दल बोलून उपयोग नसतो, हे मी फार पूर्वी शिकले. गंगापूरकडच्या एका पावसाळ्यात.

लग्न होऊन मी त्या गावात आले तेव्हा अंगावरची हळद आणि बी.एस्सी.ची पदवी दोन्ही ताज्या होत्या. गावातल्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला कुणी टिकत नव्हतं, म्हणून मला घेतलं. आमचे हे तेव्हाच्या औरंगाबादेत एका कारखान्यात होते. मुकुंदवाडी स्टेशनाजवळ खोली घेऊन राहायचे आणि सुटीला एस.टी.नं गावी यायचे. त्यामुळं घरात आम्ही तिघंच. मी, माझी जाऊ कमलअक्का आणि मोठे दीर आप्पा. सासरे मी पाहिलेही नाहीत. पोलीस ॲक्शननंतरच्या ओढगस्तीच्या वर्षांत त्यांनी ती काळी जमीन शेणखत घालून, बाजरीत तुरीच्या ओळी टाकून, एका वर्षी उडीद तर एका वर्षी जवारी असं आलटूनपालटून पोसली होती, एवढं मी अक्काकडून ऐकलं होतं. सासरे गेले, जमीन आप्पांच्या हाती आली, आणि त्याच सुमारास गावात युरिया आला.

आप्पा माझ्याशी थेट बोलत नसत. धाकट्या भावाच्या बायकोशी बोलायचं नाही अशी रीत होती. मी डोक्यावर पदर घेऊन समोर उभी असले तरी ते भिंतीकडं बघून, नाहीतर अक्काला उद्देशून बोलायचे. 'मास्तरीणबाईला सांग,' अशी सुरुवात व्हायची. मला ते बरंच वाटायचं. ज्या माणसाच्या तोंडाकडं बघून हसू आवरणार नाही त्याच्याकडं बघावं लागत नव्हतं.

युरियावर त्यांचा जो जीव जडला होता तो मी नंतर कुठल्याच नवऱ्याचा बायकोवर पाहिला नाही. पोती ओसरीत, घरातल्या सगळ्यांत कोरड्या जागी. आम्ही गळक्या कोपऱ्यात. पेरणी झाली, पावसाची एक सर पडून गेली की ते धोतराचा ओचा खोचून, काखेत टोपली अडकवून बाजरीत शिरायचे आणि मुठीमुठीनं दाणे फेकत जायचे. चेहऱ्यावर पूजेचा भाव. आठवड्याभरात बाजरी अशी गर्द व्हायची की लांबून काळी दिसावी. मग ते गावातल्या माणसांना बांधावर घेऊन यायचे. माणसंही यायची, तंबाखू मळत उभी राहायची आणि 'लई काळीभोर हाय गड्या' म्हणायची. कणसात दाणा किती भरतो, बाजरीचं ताट वाऱ्यावर का लोळतं, कीड ह्याच रानात आधी का उतरते, हे कुणी विचारत नव्हतं. त्या वर्षांत गावात माणसाची इज्जत त्याच्या पिकाच्या रंगावर ठरायची. नुसत्या पाण्यानं फुगलेल्या त्या मऊ, रसरशीत पानांकडं बघून मला आजारातून उठून सूज चढलेला माणूस आठवायचा, ज्याला नातेवाईक म्हणतात, 'बरा भरलास की.'

तुरीच्या ओळी आप्पांनी काढून टाकल्या. त्या जागा खातात म्हणाले. शेण तर त्यांना आता लाजिरवाणं वाटायला लागलं होतं. उकिरडा त्यांनी वीटभट्टीवाल्याला उचलून दिला, आणि तो रिकामा खड्डा बघून, घर स्वच्छ झालं, असं चारचौघांत सांगितलं. ज्या ढिगावर त्यांच्या बापानं जन्म काढला त्या ढिगाचा वास त्यांना अचानक सहन होईना. युरियाचा मात्र सहन होत होता.

अक्कानं फक्त एक पट्टी राखली होती. विहिरीच्या खालच्या अंगाला, पापडासाठी उडदाची. ती तिची. नवऱ्याच्या रानात बाईचं असं काही नसतं, पण पापडांचं गाठोडं माहेरी पाठवायचं असतं म्हणून तेवढं आप्पांनी चालू दिलं होतं.

त्या श्रावणात मी नववीच्या वर्गाला नत्राचं चक्र शिकवत होते. पुस्तकात वर्तुळ काढलेलं, त्यावर बाण, बाणावर शब्द. पोरी ते वर्तुळ पाठ करायच्या आणि मला कळायचं, ह्यांच्या डोक्यात काहीही गेलेलं नाही. म्हणून मी वर्गातल्या पोरींना घेऊन अक्काच्या पट्टीवर गेले. अक्काला विचारून उडदाचं एक रोप मुळासकट उपटलं, पाण्यात हलवून माती धुतली. मुळांवर मोहरीएवढ्या, ज्वारीएवढ्या गाठी चिकटलेल्या. नखानं एक गाठ फोडली. आत गुलाबी, ताज्या मांसासारखं. मी सांगितलं, आपण श्वास घेतो त्या हवेत सगळ्यांत जास्त नत्रच असतो. तो आपण छातीत भरतो आणि जसाच्या तसा परत सोडतो. त्यातला कणभरही आपल्या अंगी लागत नाही. बाजरीलाही लागत नाही. ती त्या हवेत गळ्यापर्यंत बुडून उभी असते आणि उपाशी मरते. वीज पडते तेव्हा थोडा नत्र तुटून पावसाबरोबर खाली येतो. आणि ह्या गाठीत डोळ्यांना न दिसणारे जीव बसलेले असतात, ते हवेतला नत्र धरून रोपाला देतात. रोप त्यांना बदल्यात साखर देतं. तुमचं रक्त, तुमचे केस, आईचं दूध, सगळं त्या नत्रानं बनलेलं आहे. एका पोरीनं ती फुटलेली गाठ हातात घेतली आणि वास घेऊन बघितला.

आप्पा बांधावरून हे बघत होते. जवळ आले, मुळं बघितली, आणि विहिरीच्या भिंतीला उद्देशून म्हणाले, "मुळाला गाठी आल्या. रोग हाय ह्यो."

मी पदराआडून म्हटलं की रोग नाही; रोप आपला युरिया आपणच करतंय.

आता वाटतं, हे वाक्य बोलायला नको होतं, कारण आप्पांना त्यानं जे सुख दिलं तेवढं कशानंच दिलं नसेल. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं की मास्तरीणबाईचा उडीद सोताच युरिया करतोय. मी शाळेत जाताना पानाच्या टपरीवरची माणसं एकमेकांना विचारायची, 'काय रे, तुझ्या उडदानं किती पोती केली?' आणि पोट धरून हसायची. पोट त्या उडदावरच पोसलेलं, पण ते असो.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी अक्काच्या पट्टीत युरिया ओतला. औषध म्हणून. अक्का दारात उभी राहून बघत होती. उडीद भरभरून वाढला, वेलांसारखा लोळला, पानं तळहाताएवढी झाली. आप्पांनी एक रोप उपटून आणलं आणि अक्कासमोर धरलं. मुळं गुळगुळीत. नव्या गाठी जवळजवळ नव्हत्याच. "रोग गेला," ते म्हणाले. खरंच गेला होता. आयतं मिळायला लागल्यावर रोपानं त्या जिवांना पोसणं बंद केलं होतं, जसं आयतं मिळणारं कुणीही करतं. शेंगा मात्र धरल्या नाहीत. धरल्या त्या पोचट. त्या वर्षी अक्काच्या माहेरी पापड गेले नाहीत, आणि आप्पांनी त्याचा दोष पावसाला दिला. पाऊस त्यांना फार उपयोगी पडायचा.

मी युरियाला दोष देत नाही, हे इथंच सांगून टाकते. अलीकडं शहरात एक जमात निघाली आहे, जी गाडीतून उतरून विषमुक्त भाजीच्या टोपल्या घेते आणि युरिया म्हणजे राक्षस असं मानते. त्यांची आणि आप्पांची जात एकच. एकानं न समजता पूजा केली, दुसरा न समजता शिव्या देतो. त्या पांढऱ्या दाण्यात तोच नत्र आहे जो उडदाच्या गाठीत आहे, आणि वेळेवर, मापात, शेणखताच्या जोडीला दिला तर तो गरिबाच्या ताटात भाकरी टाकतो. टाकलेली आहे. मी भुकेची वर्षं पाहिली आहेत. असली चैनीची घृणा मला परवडत नाही. माझी तक्रार माणसाबद्दल आहे. मातीच्या पोटात काय चाललंय हे विचारायचं सोडून जो वरचा रंग बघून छाती फुगवतो, त्या माणसाबद्दल.

पोळा होऊन गेला होता. घरात दोन बैल होते, राघू आणि भिंगऱ्या. राघू पांढराशुभ्र, उंच, आप्पांचा लाडका. जत्रेत लोक त्याच्याकडं बोट दाखवायचे. भिंगऱ्या ठिपक्याठिपक्यांचा, बुटका, कामाला चोख आणि म्हणून कुणाच्या लक्षात न येणारा. त्या दुपारी पाऊस भुरभुरत होता. आप्पांना डोक्यावर घ्यायला खोळ करायची होती, म्हणून त्यांनी युरियाची रिकामी पोती काढली. पोत्यांच्या कोपऱ्यांत ओल लागून खताची ढेकळं धरली होती. दुसऱ्या कुणी ती झटकून टाकली असती. आप्पा एक दाणा वाया घालवणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी पोती गोठ्यातल्या हौदात बुचकळली, ढेकळं पाण्यात चोळून विरघळवली, आणि ते पाणी संध्याकाळी वांग्याच्या झाडांना घालायचं असं ठरवून पोती वाळत टाकली आणि गावात निघून गेले. कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटलंच नाही.

तिसऱ्या प्रहरी बैल रानातून आले, तहानलेले, आणि सवयीप्रमाणं हौदावर गेले.

मी शाळेतून आले तेव्हा अक्का गोठ्याच्या दारात उभी राहून आत बोट दाखवत होती. राघूच्या अंगावरची कातडी थरथरत होती, माशी बसली की थरथरते तशी, पण सगळ्या अंगावर आणि थांबत नव्हती. तोंडातून फेसाची तार लोंबत होती. पोट डाव्या बाजूनं फुगायला लागलं होतं. भिंगऱ्या पाय आपटत होता. मी हौदाशी वाकले आणि युरियाचा तोच उग्र वास आला. वळणीवर पोती टपकत होती. कॉलेजात प्रयोगशाळेत शिकलेलं एक साधं गणित डोक्यात उभं राहिलं: पोटात युरियाचा अमोनिया होतो, अमोनिया रक्तात चढतो, त्याला आंबट घातलं तर तो जाग्यावर अडतो. आंबट. पुष्कळ आंबट.

आमच्या भिंतीला भिंत लागून हमीदाबी राहायच्या. उसाच्या रसाचा सिरका करून त्यात कांदे-मिरच्या मुरवायच्या आणि बाजारच्या दिवशी गंगापुरात विकायच्या. मी धावत गेले, काय झालं ते सांगितलं. त्यांनी प्रश्न विचारला नाही. घरातल्या दोन्ही बरण्या मोकळ्या केल्या, मिरच्या परातीत ओतल्या आणि म्हणाल्या, "जनावर की जान है बाई. अचार फिर डाल लेंगे."

आम्ही बरण्या घेऊन आलो तोवर कुणीतरी आप्पांना बोलावून आणलं होतं. सोबत दोघंतिघं माणसं. आप्पा राघूच्या गळ्याला हात घालून उभे होते. अक्कानं माझ्याकडं बोट करून त्यांना सांगितलं, हौदातलं पाणी बाधलं, सुमन सिरका पाजा म्हणतीय. हे ऐकून आप्पांनी जे केलं ते मी विसरणार नाही. त्यांनी त्या माणसांकडं बघितलं. बैलाकडं नाही, माणसांकडं. चारचौघांत बायकांचं ऐकावं लागतंय की काय, एवढाच हिशेब त्या डोळ्यांत होता.

"युरियानं कुटं जनावर मरतंय व्हय," ते म्हणाले. "पोट फुगलंय. तेल पाजा त्याला."

मग जरा थांबून, उदार होऊन, गोठ्याच्या खांबाला म्हणाले, "मास्तरीणबाईला सांग, काय परयोग करायचा आसंल तर भिंगऱ्यावर कर. राघूला हात लावायचा नाय."

म्हणून आम्ही भिंगऱ्याकडं वळलो. अक्कानं त्याचं नाक धरून मान वर केली, हमीदाबींनी बांबूचं नळकांडं जबड्यात सरकवलं आणि मी सिरका आणि थंड पाणी ओतत राहिले. अर्धा अंगावर सांडला, डोळे चुरचुरले. पलीकडं, हातभर अंतरावर, राघूला तेल पाजणं चाललं होतं. त्याचे मागचे पाय दुमडले. तो खाली बसला, मग आडवा झाला, आणि त्यानं असा आवाज काढला की बैल असा ओरडतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं. तेव्हा कुठं आप्पांची मान आमच्याकडं वळली. रीत विसरून ते थेट मला म्हणाले, "उरलंय का थोडं?"

उरलं होतं. दिलंही. पण राघूला गिळता येत नव्हतं. दिवस मावळायच्या आत तो गेला. भिंगऱ्या रात्रभर उभा होता आणि सकाळी त्यानं वैरणीला तोंड लावलं.

आप्पा रडले. खोटं कशाला सांगू, लहान पोरासारखे रडले, आणि तेवढा वेळ मला त्यांच्याबद्दल काही वेगळं वाटलं. पण माणसं भेटायला यायला लागली तसे ते सावरले. दृष्ट लागली, म्हणाले. जत्रेत लई माणसांनी डोळा लावला हुता. तेराव्याच्या आतच त्यांनी पुन्हा टोपली काखेत मारली. बाजरी पिवळी पडत होती म्हणे.

राघूला त्यांनी अक्काच्या उडदाच्या पट्टीत गाडायला लावलं, कारण तिथं तसंही काही आलं नव्हतं. अक्का खड्ड्याच्या कडेला बसून राहिली. शेवटी तिनं त्याच्या कपाळावरचं पोळ्याचं वाळलेलं हिंगूळ पदरानं पुसलं आणि माती लोटू दिली.

माती कुणाचं काही ठेवून घेत नाही. पुस्तकातल्या त्या वर्तुळातला एक बाण मी पोरींना नेहमी घाईनं शिकवत असे, 'मृत प्राण्यांचे विघटन' असं लिहिलेला. इतका बेचव शब्द कुणी शोधला कोण जाणे. कितीतरी वर्षं गवत, कडबा, सरकी खाऊन जे मांस त्या पांढऱ्या अंगावर चढलं होतं, ते खाली अंधारात सुटं होत होतं. त्यातला नत्र पुन्हा मुळांच्या भाषेत उतरत होता. त्याला ना टोपली लागत होती ना बांधावरची माणसं. पुढच्या वर्षी अक्कानं ती पट्टी तशीच पडीक ठेवली. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात तिनं तिथं स्वतःच्या हातानं बाजरी टोकली, आणि खत म्हणून काहीही टाकलं नाही. आप्पांना तिकडं फिरकू दिलं नाही, ते फिरकलेही नाहीत.

त्यांच्या बाकीच्या रानाला तोवर उतरती लागली होती. दरवर्षी जास्त मुठी मागायचं, आणि पाऊस पडून ऊन आलं की वर पापुद्रा धरायचा. नांगर लागला की ढेकूळ निघायचं, भुसभुशीतपणा गेलेला. आणि अशा त्या वर्षी विहिरीच्या खालच्या अंगाला, एका बैलाच्या लांबीरुंदीची बाजरी पुरुषभर उंच उभी राहिली. गर्द हिरवी, ताट बोटासारखं जाड, आणि कणीस असं की हातात मावत नव्हतं. वारा आला तरी लोळली नाही.

आप्पांना ती दिसली, आणि त्यांनी काय केलं असेल? गावातली माणसं घेऊन आले.

मी आणि अक्का विहिरीवर धुणं धूत होतो. आप्पा बाजरीत उभे, एक कणीस वाकवून सगळ्यांना दाखवत. हे बघा, म्हणत होते, युरिया म्हंजी काय आसतो त्ये. मापात पडला की कसं येतंय बघा. माणसं माना डोलवत होती. एकानं तंबाखू मळत विचारलं, किती टाकला? आप्पांनी आकडाही सांगितला.

अक्कानं पिळलेलं लुगडं घमेल्यात टाकलं, पदर डोक्यावर घेतला आणि तिकडं गेली. आमच्या घरात बायका बाहेरच्या माणसांत बोलत नव्हत्या. ती बोलली, आवाज न चढवता.

"टोपली तुमची हिकडं आली न्हाय. पायाखाली राघू हाय."

माणसं मागं सरली. एकानं चटकन पायातली वहाण काढली आणि हातात घेतली. आप्पांच्या हातातलं कणीस सुटून परत उभं राहिलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस खाली बघेल. ते मोठ्या खुबीनं खाकरले आणि म्हणाले, "आरं, पर त्येच्या पोटात बी युरियाच हुता की."

हे ऐकून हसलं कुणीच नाही. एकेक करून सगळे निघून गेले. आप्पा टोपी काढून, झटकून, पुन्हा घालून गावाकडं गेले. त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी बांधावर माणसं आणली नाहीत. युरिया मात्र टाकत राहिले, पाठमोरे, घाईघाईनं, कुणी बघत नाही ना ह्याची खात्री करून.

सुगीला अक्कानं ती बाजरी घरच्या खळ्यावर येऊ दिली नाही. भाकरी थापायची नाही, विकायची नाही, असं मला एकटीला सांगितलं. तिनं ती वेगळी कापली, कणसं पाट्यावर भरडली, ताटं बारीक तोडली, दोन्ही पाटीत कालवलं आणि गोठ्यात नेऊन भिंगऱ्यापुढं ठेवलं. त्यानं एकदा हुंगलं आणि खायला सुरुवात केली. अक्का दावणीशी टेकून उभी राहिली, तो पाटी चाटून पुसेपर्यंत.